रात्री हाताला मुंग्या येतायत? मनगटाच्या नसेसाठी काय करायचं, कुठनं सुरू करायचं

गेल्या एप्रिलात खरड छाटणीला माणसं मिळेनात म्हणून मी आठ दिवस सासरच्या बागेत कात्री घेऊन उभी होते (तासगाव तालुक्यात आमची थोडी द्राक्षं आहेत, एरवी मी सांगलीत ब्लाउज शिवते) आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत रात्री दोन-अडीचला झोपमोड सुरू झाली. उजव्या हाताला मुंग्या, बोटं फुगल्यासारखी वाटायची पण लाइट लावून बघितलं तर सूज काहीच नाही, हात झटकला, पलंगाखाली लोंबकळत सोडला की पाच मिनिटांत बरं. सासूबाईंनी हळदीचा लेप लावला. सांगलीत राहून हळद लावली नाही असं दुखणं कुठलं? हात आठवडाभर पिवळा राहिला, मुंग्या तशाच.

शेवटी निघालं ते कार्पल टनेल सिंड्रोम. आता गल्लीत कुणाच्या हाताला मुंग्या आल्या की लोक माझ्याकडं पाठवतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळं तपासून घेणं काही चुकत नाही, पण तपासायला जायच्या आधी आणि आल्यावर घरी काय करायचं हे मला कुणी नीट सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

आधी करंगळीला विचारा

मुंग्या येतात तेव्हा नेमक्या कुठल्या बोटांना येतात ते बघा. सगळ्यात सोपं म्हणजे कागदावर हात ठेवून पेनानं कडा मारायची, लहान पोरं काढतात तसा, आणि जिथं मुंग्या-बधिरपणा तिथं रेघोट्या मारायच्या. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यात रेघोट्या आल्या आणि करंगळी कोरी राहिली तर संशय मनगटाच्या नसेवर. करंगळीची नस वेगळी, ती या वाटेनं जात नाही. फक्त करंगळी आणि शेजारच्या बोटालाच मुंग्या असतील तर भानगड बहुतेक कोपरापाशी असते आणि मग या लेखाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. मला सुरुवातीला विचारलं तर मी सरसकट "पाचीही बोटं" सांगायचे, कागदावर काढल्यावर कळालं की करंगळी कधीच नव्हती. झोपेत कोण मोजतंय.

दुसरं, पालथा नमस्कार. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावायच्या, बोटं खाली जमिनीकडं, कोपरं बाजूला, आणि ६० सेकंद तसंच थांबायचं. मिनिटाच्या आत त्याच बोटांना मुंग्या आल्या तर डॉक्टर ते धरतात, याला फॅलन टेस्ट म्हणतात. नाही आल्या म्हणजे काहीच नाही असं मात्र समजू नका.

तिसरं अंगठ्याचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तळहात आकाशाकडं करून टेबलावर ठेवा, अंगठा सरळ वर छताकडं उभा करा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तो तळहाताकडं पाडायचा प्रयत्न करा. दोन्ही हातांचं करून बघा. एक अंगठा पटकन पडत असेल, किंवा अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग एका हाताचा बसल्यासारखा, चपटा दिसत असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो डॉक्टरांकडं जा. तिथला स्नायू एकदा वाळला की नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण भरून येईलच असं नाही. चोवीस तास बधिर राहणं, हातातनं कप सुटणं, हुक लावता न येणं हेही त्यातच. आणि पडल्यावर किंवा हाड मोडल्यावर अचानक हात बधिर होऊन जोरात ठणकायला लागला तर त्याच दिवशी दवाखाना.

बोगद्यात काय होतंय

पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो ना, तसा एक बोगदा मनगटात आहे. खालच्या बाजूला आठ छोटी हाडं, वरनं एक जाड पट्टा ताणून बसवलेला, आणि आतनं बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या (त्यांना टेंडन म्हणतात) आणि एक मीडियन नर्व्ह. म्हणजे नऊ ट्रक आणि एक टू-व्हीलर. ट्रक जरा सुजले, रस्ता जरा अरुंद झाला की चेपणार कोण हे सांगायला नको. मनगट आत किंवा मागं वाकवलं की आतला दाब अनेक पटींनी वाढतो, आणि झोपेत आपण हात गालाखाली, उशीखाली दुमडूनच घेतो, म्हणून दिवसभर काम करताना कमी आणि रात्री जास्त. हे मला कळालं तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण तोवर मला वाटत होतं की रात्री आराम असताना का त्रास होतो, म्हणजे काहीतरी रक्ताचंच असणार.

तळहाताचा मधला भाग सहसा बधिर होत नाही, त्याची फांदी बोगद्यात शिरायच्या आधीच वरच्या वर निघून गेलेली असते.

डॉक्टरांकडं काय काय होतं

माझं सुरुवातीला एका ठिकाणी मानेचा एक्स-रे काढून "मणक्यात गॅप आहे" म्हणून दोन महिने गोळ्या आणि मानेचा पट्टा झाला. चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या मानेच्या एक्स-रेत काही ना काही दिसतं, हे मला नंतर समजलं. मानेतनंही त्याच बोटांना मुंग्या येऊ शकतात हे खरं, कधी दोन्ही एकदम असतं, पण मान वळवली की कळ हातात उतरते का आणि हात झटकून बरं वाटतं का, हे दोन प्रश्न तरी विचारायला पाहिजेत. तुम्हाला विचारले नाहीत तर तुम्हीच आपणहून सांगा. तो रेघोट्यांचा कागदही बरोबर न्या.

रक्तात शुगर आणि थायरॉईड बघून घ्या. डायबेटिस, थायरॉईड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन, पूर्वी मनगट मोडलेलं असणं, याच्यात हा त्रास जास्त होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. गरोदरपणातही होतो, तो बहुतेकींचा बाळंतपणानंतर आपोआप उतरतो, तोवर रात्री मनगटाला घालायच्या पट्ट्यावर भागतं. माझी थायरॉईड यातनंच सापडली, त्याची गोळी सुरू झाली. नुसत्या हातावर काम करत बसले असते तर मूळ तसंच राहिलं असतं.

एनसीव्ही म्हणजे नसेतनं करंट किती वेगानं जातो ते मोजणारी टेस्ट. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, वॉनलेस हॉस्पिटलच १८९४ चं आहे, त्यामुळं ही टेस्ट करायला पुण्याला जायची गरज नाही. गॅसच्या लायटरचा चटका बसावा तसे छोटे छोटे शॉक बसतात, घाबरायचं कारण नाही. सुरुवातीच्या केसमध्ये ही टेस्ट नॉर्मल येऊ शकते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि रात्री मुंग्या चालूच असतील तर परत जाऊन सांगायचं.

पहिलं काम: रात्रीचा पट्टा, आणि तो सरळ करून घ्या

मेडिकलमध्ये मनगटाचा स्प्लिंट मागा, अंगठा आणि बोटं मोकळी राहणारा. मला तीनशेच्या आतबाहेर पडला. त्याच्या तळहाताकडच्या बाजूला एक ॲल्युमिनियमची पट्टी असते, आणि बऱ्याच पट्ट्यांत ती दुकानातनं येतानाच मागं वाकवलेली असते, म्हणजे घातला की पंजा पाठीकडं उचलला जातो. आपल्याला ते नको. आपल्याला मनगट सरळ पाहिजे, शून्य अंशात, कारण तिथं बोगद्यात दाब सगळ्यात कमी. पट्टी खणातनं बाहेर ओढून काढा, किचनच्या ओट्यावर ठेवून तळहातानं दाबत दाबत सपाट करा, परत घाला. मी पहिले दहा दिवस तशीच वाकडी घालून झोपत होते आणि म्हणत होते काही उपयोग नाही याचा, फिजिओ मॅडमनी हातात घेतला, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, हा तुम्ही सरळ केलाच नाही की."

वेल्क्रो फार आवळायचं नाही, खाली एक बोट सहज गेलं पाहिजे. रोज रात्री, निदान सहा आठवडे. दोन रात्री घालून सोडून देणारे खूप आहेत, आमच्या जाऊबाई त्यातल्याच, त्यांचं पुढं सांगते. दिवसा घालून काम करायला जाऊ नका, तुम्ही त्याच्याशी झगडत काम करता आणि हात जास्त दुखतो. गाडीवर लांब जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

सगळ्यांना पट्ट्यानं सारखाच गुण येतो असं नाही. पण स्वस्त आहे, साइड इफेक्ट नाही, म्हणून सुरुवात इथनं.

फिजिओकडं हातानं काय करतात

याच्याबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडं "नस बसवणारे" गावोगावी असतात. मी पण एकाकडं जाऊन आले, त्यांनी मनगट धरून खटकन ओढलं, आठ दिवस हात सुजून वर. आधीच चेपलेल्या नसेला हिसका म्हणजे जखमेवर चिमटा. फिजिओथेरपिस्टचा हात बघितला तर तुम्हाला वाटेल ही काही करतच नाहीये, इतका हलका, आणि तसाच असायला पाहिजे.

माझं आठवड्यातनं दोनदा, असं चार आठवडे चाललं, एका वेळी अर्धा तास. पहिल्यांदा मॅडम कोपराच्या खालपासनं मनगटापर्यंतचे आतल्या बाजूचे स्नायू अंगठ्यानं सावकाश मोकळे करायच्या. कोपराच्या जरा खाली एक जागा अशी होती की दाबली की मधल्या बोटापर्यंत झणझण, नस तिथंही स्नायूंच्या मधनं जाते. तिथं त्या दाबून धरायच्या नाहीत, बाजूबाजूनं काम करायच्या. मग तळहात वर घेऊन दोन्ही हातांचे अंगठे मनगटाच्या घडीजवळ ठेवून बाहेरच्या दोन्ही कडांकडं हळूहळू ओढायचं, पुस्तक मधनं उघडावं तसं. मग ती छोटी हाडं एकेक चिमटीत धरून वर-खाली अगदी दोऱ्याएवढी हलवायची. आणि शेवटी नस सरकवणं: खांदा, कोपर, मनगट ठराविक क्रमानं सरळ करत जायचं म्हणजे नस आपल्या वाटेत पुढं-मागं सरकते. मान आणि खांदाही बघायच्या, शिलाईवाल्या बाईची मान पुढं आलेली असणारच.

नियम एकच: करताना ताण जाणवला तर चालेल, मुंग्या वाढल्या किंवा रात्री जास्त झालं तर पुढच्या वेळी त्यांना सांगायचं, त्या कमी करतात. सहन करून दात-ओठ खात बसायचं नाही.

याचा उपयोग होतो का? २०१५ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात १२० बायका घेतल्या होत्या, अर्ध्या जणींना अशा हातानं करायच्या थेरपीची तीन सेशन्स, अर्ध्या जणींचं ऑपरेशन. पहिल्या एक आणि तीन महिन्यांत थेरपीवाल्या जास्त बऱ्या होत्या, सहा महिने आणि वर्षानंतर दोन्हीकडं साधारण सारखंच. म्हणून ऑपरेशन उगाचच करतात असं नाही, सगळे अभ्यास इतके चांगले आलेले नाहीत आणि स्नायू वाळलेल्या केसची गोष्टच निराळी, पण हलक्या-मध्यम त्रासात आधी हे करून बघायला हरकत नाही एवढं तरी त्यातनं कळतं. फिजिओकडं नुसतं मशीन लावून वीस मिनिटं पडून राहायला सांगत असतील आणि हाताला हातच लावत नसतील तर मी तरी दुसरीकडं बघेन. पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला आधी चौकशी करा.

घरी करायचं, दिवसातनं तीनदा

दोन प्रकार आहेत, मिळून पाच मिनिटं. मी एक सकाळी चहा उकळेस्तोवर, एक दुपारी मशीनवर बसायच्या आधी आणि एक रात्री पट्टा घालायच्या आधी.

पहिला टेंडनचा. मनगट सरळ ठेवायचं. सगळी बोटं सरळ वर. मग फक्त बोटांची वरची दोन पेरं वाकवून हूक, बादली धरतो तसा. परत सरळ. मग पूर्ण मूठ. परत सरळ. मग बोटं बुडात काटकोनात वाकवायची पण पेरं सरळ, टेबलासारखं. मग पेरांची टोकं तळहाताच्या बुडाला लावून चपटी मूठ, नखं आत न जाता. ही पाच रूपं, पाच-सहा वेळा, जोर न लावता.

दुसरा नसेचा, कोपर काटकोनात ठेवून:

१. मूठ, मनगट सरळ.
२. बोटं आणि अंगठा सरळ, एकमेकांना चिकटून.
३. तसंच ठेवून मनगट मागं.
४. अंगठा बाजूला उघडायचा.
५. तळहात छताकडं फिरवायचा.
६. दुसऱ्या हातानं अंगठा अगदी हलका मागं.

प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद. चौथ्यालाच मुंग्या आल्या तर तिथनंच परत फिरायचं, सहावी आज गाठलीच पाहिजे असं काही नाही. मला सहावीपर्यंत जायला तीन आठवडे लागले.

आणि तो स्पंजचा बॉल! कुणीतरी आणून देतंच, "दाब म्हणजे ताकद येईल". सुरुवातीला नको. जोरात मूठ आवळली की बोगद्यात दाब वाढतो, नेमकं जे टाळायचंय तेच आपण शंभरदा करतो. ताकदीचा व्यायाम मुंग्या बसल्यावर, साधारण सहाव्या आठवड्यापासनं, तोही अंगठ्याला रबर अडकवून बाहेर ढकलायचा, हलका.

कामं सोडता येत नाहीत, पद्धत बदलता येते

डॉक्टर म्हणतात हाताला विश्रांती द्या. द्या म्हणजे कुणाला द्या, भाकरी कोण थापणार? मी जे बदललं ते सांगते. पीठ मळताना तळहाताच्या बुडानं रेटत होते, आता मूठ करून मळते, मनगट सरळ राहतं. चादरी पिळणं बंद, नळाला गुंडाळून पाणी निथळू द्यायचं. कापडाची कात्री धार लावून आणली, बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो हे इतकी वर्षं शिलाई करून डोक्यात आलं नव्हतं. बागेत छाटणीची कात्री स्प्रिंगची आणि हाताला बसणारी घ्या, आणि अर्ध्या-पाऊण तासानं कात्री खाली ठेवून टेंडनच्या व्यायामाची ती पाच रूपं करायची. घरात म्हसरं असतील तर धार काढणाऱ्याचा हात बदलता ठेवा, एकट्या माणसानं दोन्ही वेळेला सगळ्यांची धार काढणं म्हणजे मनगटाची वाटच. टू-व्हीलरवर हँडल घट्ट धरून मनगट खाली पाडून ॲक्सिलरेटर पिळू नका. आणि रात्री पडल्या पडल्या मोबाईल धरायचा तो हात वाकडाच असतो, याच्यावर माझी पोरगी माझ्यावर हसते, कारण मी तिला जे सांगते ते स्वतः पाळत नाही.

सहा आठवडे करून बघितलं, मग?

रात्रीची झोप लागायला लागली, आठवड्यातनं एखाद्या वेळीच जाग येत असेल तर चालू ठेवा, तीन महिन्यांपर्यंत. माझं पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा सलग झोप झाली. काहीच फरक नाही तर डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. इंग्लंडमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात इंजेक्शन आणि रात्रीचा पट्टा समोरासमोर ठेवले, सहा आठवड्यांना इंजेक्शन पुढं होतं, सहा महिन्यांनी दोन्ही सारखे. म्हणजे लग्नसराई तोंडावर आहे, झोप नाही, तेव्हा ते उपयोगी, कायमचं समजू नका. बी६ च्या गोळ्या मनानं घेऊ नका, याच्यात त्यांचा खास उपयोग दिसलेला नाही आणि जास्त डोस झाला तर त्यानंच नसा खराब होतात.

जाऊबाईंनी पट्टा टाकून दिला होता, दीड वर्ष अंगावर काढलं, अंगठ्याचा फुगीर भाग बसला, मग ऑपरेशन झालं. जागेवर भूल देऊन बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून नस मोकळी करतात, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या लगेच गेल्या, ताकद मात्र अजून निम्मीच आहे. नंतर बोटं त्याच दिवसापासनं हलवायची, हात उशीवर उंच, टाके दहा-चौदा दिवसांनी, जखम पूर्ण भरली की खोबरेल लावून व्रणावर गोल मालिश दिवसातनं दोन-तीनदा. तळहाताच्या बुडाला दोन्ही बाजूंनी दुखणं काही महिने राहू शकतं, ते ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नव्हे. जड उचलणं डॉक्टर सांगतील तेव्हाच, सहा आठवडे तरी नाहीच.

एक बारीकशी गोष्ट राहिली. पट्टा आठवड्यातनं एकदा धुवा, उन्हाळ्यात घामानं वास मारतो. धुताना ॲल्युमिनियमची पट्टी काढा, आणि वाळल्यावर परत त्याच खणात, तळहाताच्या बाजूला घाला. मी एकदा झोपेच्या तंद्रीत पट्टाच डाव्या हातात चढवला होता आणि पहाटे उजवा हात झटकत उठून बसले.